भिजलेले हरभरे आणि वजनाचा काटा

अ‍ॅनोरेक्सियातून (वजन वाढण्याच्या धास्तीने जेवण तोडत नेणारा मानसिक आजार) बाहेर पडताना पहिल्या एकदोन आठवड्यांत वजनाचा काटा अनेकदा झपाट्याने वर जातो. ‘चरबीच चढली’ असे वाटून काहीजण पुन्हा जेवण तोडतात. असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कारण वेगळे आहे.

रात्री भिजवलेले हरभरे सकाळी टम्म फुगतात. हरभरे तेवढेच असतात. वाढते ते पाणी. उपाशी राहिलेले शरीर आधी ग्लायकोजेन (यकृत व स्नायूंतला साखरेचा साठा) भरून घेते आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते. शिवाय अंगात पाणी साचून सूजही येते: घोट्यावर मोज्याची खूण खोल उमटते, संध्याकाळी सलवारीची नाडी काचते. पुढे खरी वाढ होते, आणि ती व्हायलाच हवी: स्नायूंची, चरबीचीही. ही चरबी बहुधा आधी पोटावर दिसते. अंगभर नीट पसरायला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो.

सूज फार वाढली, धाप लागली किंवा छातीत धडधडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि घरच्यांनो, ‘तब्येत सुधारली हं!’ हे कौतुक सध्या नको. आजारी माणसाला त्यात ‘जाड’ एवढेच ऐकू येते.