अंगठा आपला, ओटीपी सुरतला!

चाळीसगावकडच्या मैत्रिणींना ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट वेगळी सांगायला नको. तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घरादारांत, दुकानांत शिरलं, गोठ्यातली जनावरं वाहून गेली, कन्नड घाटात दरड कोसळली. पाणी ओसरलं की तलाठी येतो आणि पंचनामा होतो, ही आपली जुनी रीत. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपल्या तोंडी अजून तलाठीच!) पंचनाम्यानंतरचा रस्ता मात्र २०२३ पासून बदलला. शेतीच्या नुकसानीची यादी संगणकावर चढते, प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात जायचं, आधारसाठी अंगठा द्यायचा, मग पैसे थेट खात्यात. मधल्यामध्ये कुणी हात मारत नाही, हे चांगलंच झालं.

पण अंगठाच उठला नाही तर?

२०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर असंच एका सेवा केंद्रात बसले होते. साठीच्या एक मावशी चौथ्यांदा अंगठा दाबत होत्या. पदराला पुसून, डोक्याचं तेल लावून, पुन्हा दाबून. यंत्र लालच. आयुष्यभर निंदणी आणि कापूस वेचणी केलेल्या बोटांवर रेषा राहणार कुठून? "मना आंगठाच उठत नही वं माय," त्या मला म्हणाल्या. पोरगा म्हणाला, मग ओटीपी द्या. ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर मुलाचा, मुलगा सुरतला कापडाच्या कारखान्यात, आणि पाळी संपेपर्यंत तिथे फोन उचलता येत नाही. डोळ्यांवरून, चेहऱ्यावरूनही आधारची ओळख पटवता येते, पण त्या केंद्रात तशी सोय नव्हती. मावशी उठताना एवढंच म्हणाल्या, "हाई करानं पहिले आमले कोन्ही इचारं का?"

खरंच, कुणी विचारलं होतं? अंगठ्याचं यंत्र निवडताना कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं कुणी पाहिली होती? त्या वर्षी सरकारने शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट दिली, हे बरं झालं. पण तो क्रमांक सातबाऱ्यावर नाव असेल तरच मिळतो. आपल्याकडे किती जणींचं नाव सातबाऱ्यावर असतं, ते तुम्हीच सांगा. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीतही तेच झालं. पती किंवा वडिलांचा आधार मागितला, आणि दोघंही हयात नसलेल्या बाईने काय करायचं, याची वाट नंतर काढावी लागली. विधवा बाई काही दुर्मीळ नाही हो! फॉर्म तयार करताना एकीला जरी समोर बसवलं असतं तरी पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं.

आपल्या अंगणवाडी ताईंनी मात्र एकदा आपलं म्हणणं ऐकायला लावलं होतं. करोनाच्या काळात घरोघर फिरणाऱ्या याच बाया. सरकारी मोबाईल तापायचे, अडकायचे, मेमरी पुरायची नाही. आधीचं ॲप मराठीत होतं, तर २०२१ मध्ये आलेलं पोषण ट्रॅकर इंग्रजीत. कुपोषित बाळाचं वजन भरायचं ते परक्या भाषेत आणि बंद पडणाऱ्या फोनवर! ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. प्रश्न हायकोर्टातही गेला. पुढे ॲपमध्ये मराठी आली, नवे मोबाईलही मिळाले. पण त्यासाठी मोर्चे काढावे लागले, हे विसरून चालणार नाही.

आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी आईचा चेहरा ॲपमध्ये जुळवावा लागतो. शिरपूर, चोपड्याकडे सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, हे तिथल्या कुणालाही विचारा. सेविकांना निदान मोबाईल परत करता आले. पावरा आईने चेहरा कुठे परत करायचा?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्यात नियमच आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते, ते सोडा. धुळे तालुक्यातल्या एका बचत गटात मी हा विषय काढला, तर बायांनी तासाभरात मागण्यांचा ढीग घातला. विशिष्ट क्रमांकांची यादी नुसती भिंतीवर चिकटवू नका, भोंग्यावर वाचा. अंगठा उठत नसेल तर कुणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव पंचायतीबाहेर लिहा. नदीकाठच्या गावांत पावसाळ्याआधीच सगळ्यांचे अंगठे तपासून घ्या. "पूर आल्यावर काय तपासता?" एक म्हातारी म्हणाली. पुढच्या महिला सभेत हा ठराव मांडायचा, असं त्यांनी ठरवलंय. लिहून घ्यायला दहावीतली एक मुलगी बसवली आहे.