बॅटरीविना चालणारे लवचीक सेन्सर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हालचाल टिपणारे लवचीक सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉन रबराच्या पातळ पट्ट्या. त्या मनगटावर, गुडघ्यावर, बुटाच्या तळात किंवा कापडाच्या अस्तरात बसवता येतात आणि वाकल्या, दबल्या किंवा ताणल्या की विजेचा संकेत देतात. संकेतासाठी लागणारी ऊर्जा त्या हालचालीतूनच येते, म्हणून त्यांना स्वयंऊर्जित म्हणतात. बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका विशेषणात आहे.

स्वयंऊर्जित म्हणजे अख्खे उपकरण बॅटरीविना चालते, हा त्यातला सर्वांत मोठा गैरसमज. पट्टी स्वतः वीज तयार करते हे खरे. पण तो संकेत मोठा करायचा, अंकांत बदलायचा आणि मोबाइलपर्यंत पोचवायचा तर ॲम्प्लिफायर, प्रोसेसर आणि रेडिओ लागतो. ब्लूटूथचा रेडिओ संदेश पाठवताना साधारण दहा मिलिवॉट घेतो. अंगावरच्या छोट्या पट्टीतून सरासरी निघतात ते मायक्रोवॉट, म्हणजे मिलिवॉटच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. त्यामुळे खरोखर बॅटरी नसलेल्या यंत्रणेत ही वीज कपॅसिटरमध्ये थोडी थोडी साठवतात आणि पुरेशी जमली की रेडिओ क्षणभर चालू करून पुन्हा बंद करतात. अशी यंत्रणा अखंड प्रक्षेपण करू शकत नाही. जाहिरातीत मात्र नुसती पट्टी आणि पूर्ण यंत्रणा या दोन्हींना एकच विशेषण सर्रास लावले जाते.

हे तंत्र कालपरवाचे आहे, असेही मानले जाते. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युत प्रभार येतो, हे झाक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. यालाच दाबविद्युत परिणाम म्हणतात. स्फटिक वाकत नाही. वाकणारा पदार्थ मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जपानच्या हेइजी कावाई यांनी पीव्हीडीएफ या प्लास्टिकमध्ये हा गुण ठळकपणे दाखवला. त्यासाठी फिल्म आधी ताणावी लागते आणि मग तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून तिचे रेणू एका दिशेला वळवावे लागतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेत झोंग लिन वांग यांच्या गटाने २००६ मध्ये झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांपासून आणि २०१२ मध्ये घर्षणविद्युतेपासून वीज मिळवणारे जनित्र मांडले. नवे आहे ते हे दुसरे तंत्र. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकले आणि दूर झाले की एकावर धन, दुसऱ्यावर ऋण प्रभार राहतो. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना होणारी चटचट याचीच. त्या पदार्थांमागे धातूचे पातळ थर दिले की हा प्रभार बाहेरच्या मंडलात प्रवाह ढकलतो.

सगळे अजून प्रयोगशाळेतच अडकले आहे, हेही अर्धसत्य. झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांच्या तपासणीत छातीला आणि पोटाला जे पट्टे बांधतात, त्यातल्या एका प्रकारात पीव्हीडीएफची फिल्म असते. छाती फुगली की फिल्म ताणली जाते, उतरली की सैल पडते आणि पडद्यावर लाट उमटते. पट्ट्याला स्वतःची बॅटरी लागत नाही. नोंद घेणाऱ्या यंत्राला अर्थातच लागते.

याच पट्ट्यावरून आणखी एक गैरसमज दूर होतो: सेन्सरला शरीराची स्थिती कळते. त्याला फक्त बदल कळतो. श्वास रोखून धरला की तयार झालेला प्रभार झिरपून जातो आणि रेषा सपाट होते, मग हवा छातीत भरून रोखलेली असो वा सोडून. कोपर वाकवून तसाच ठेवला तरी तेच. सांधा किती अंशांत वाकलेला आहे हे सतत हवे असेल, तर वाकण्यानुसार रोध बदलणारी पट्टी वापरावी लागते, आणि तिला बाहेरून वीज द्यावी लागते.

घर्षणविद्युत पट्टीतून शंभर-दोनशे व्होल्ट निघतात हे वाचून कुणी शॉकची भीती बाळगतो, तर कुणी मोबाइल चार्ज करण्याची स्वप्ने पाहतो. दोन्ही फोल. व्होल्ट जास्त असले तरी प्रवाह मायक्रोॲम्पिअरमध्ये असतो आणि एका टाळीएवढ्या हालचालीतून हाती येते ती काही मायक्रोज्यूल ऊर्जा. मोबाइलच्या ५००० मिलिॲम्पिअर-तास बॅटरीत सुमारे ६९,००० ज्यूल मावतात. एखाद्या पट्टीने सलग १ मिलिवॉट दिला, जो या आकारात उदंडच, तरी ती बॅटरी भरायला दोन वर्षांहून अधिक काळ न थांबता चालावे लागेल.

बॅटरीऐवजी आसपासची ऊर्जा वापरायची म्हणजे हवेतल्या मोबाइल-वायफाय लहरी, अशीही समजूत आढळते. लहरींतून ऊर्जा वेचता येते, पण स्रोतापासून थोडे दूर गेले की ती नगण्य होते. घरातला उजेड त्या मानाने बरा: लहानशा सौरपट्टीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे तो दहा-वीस मायक्रोवॉट देऊ शकतो.

लवचीक आहे म्हणजे टिकाऊही असेल, हे गृहीत धरणे मात्र महागात पडते. प्लास्टिक सहसा शाबूत राहते. त्यावरचा धातूचा थर वारंवार वाकून तडकतो आणि संकेत बंद पडतो. पीव्हीडीएफ सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की रेणूंची शिस्त मोडू लागते, त्यामुळे कडक इस्त्री वर्ज्य. घर्षणविद्युतेचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर बसला की प्रभार त्यावरून निसटतो. कोरड्या, वातानुकूलित खोलीतले आकडे कोकणातल्या पावसाळ्यात किंवा घामेजलेल्या त्वचेवर तसेच्या तसे मिळणे शक्य नाही. पट्टी सर्व बाजूंनी हवाबंद करणे हा त्यावरचा एक उपाय आहे.

बॅटरी टाळली की पर्यावरणाचे भलेच होते, हा शेवटचा समज तपासायला साधा हिशेब पुरतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये असते तसल्या सीआर२०३२ या नाणेसेलमध्ये सुमारे २,४०० ज्यूल असतात. सरासरी १० मायक्रोवॉट घेणारा सेन्सर त्यावर कागदोपत्री सात वर्षांहून अधिक चालतो, आणि त्याआधी पट्टीचा धातूचा थरच दगा देण्याची शक्यता जास्त. शिवाय पीव्हीडीएफ आणि घर्षणविद्युत पट्ट्यांत वापरले जाणारे टेफ्लॉन ही दोन्ही फ्लोरिनयुक्त प्लास्टिके सहजासहजी कुजत नाहीत. मनगटावरच्या पट्ट्यासाठी नाणेसेलच किफायतशीर आहे. कृत्रिम सांध्याच्या आत, पुलाच्या गर्डरवर किंवा जिथे सेल बदलायला शस्त्रक्रिया करावी लागते किंवा परांची बांधावी लागते, अशा ठिकाणी स्वयंऊर्जित सेन्सरचा जास्तीचा खर्च वसूल होतो.