हिरवा पडदा आणि अल्फा वाहिनी

मराठी माध्यमाच्या शाळा-महाविद्यालयांतील अनेक शिक्षक आता आपली व्याख्याने चित्रित करतात. हिरव्या पडद्यासमोर उभे राहायचे आणि मागे नंतर नकाशा किंवा हस्तलिखिताचे पान आणायचे, ही पद्धत रुळली आहे. अशा चित्रफितींच्या संकलनात मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : माणूस नीट कापला गेला, मग केसांभोवती ही काळी रेघ कसली? तिचे उत्तर बहुधा अल्फा वाहिनीत सापडते.

संगणकावरील चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे आकडे साठवलेले असतात. अल्फा हा चौथा आकडा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना मांडली. १९८४ साली थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी चित्रे एकमेकांवर बसवण्याचे गणित सुसूत्रपणे मांडले. मराठीत अल्फाला सर्रास ‘पारदर्शकता’ म्हटले जाते. पण अर्थ नेमका उलटा आहे. अल्फा ० म्हणजे बिंदू पूर्ण पारदर्शक आणि १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. म्हणून मी त्याला ‘झाकण्याचे प्रमाण’ म्हणतो.

शरीराच्या मध्यभागी अल्फा १ असतो, मोकळ्या पडद्यावर ०. खरा प्रश्न कडेचा. बारीक केस एखाद्या बिंदूचा अर्धाच भाग झाकतो. तेथे अल्फा ०.५. हा बिंदू दोन प्रकारे साठवता येतो. ‘स्ट्रेट’ म्हणजे सुट्या प्रकारात केसाचा मूळ रंग जसाच्या तसा राहतो. ‘प्रीमल्टिप्लाइड’ म्हणजे पूर्वगुणित प्रकारात तो रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो.

पिकलेल्या केसाच्या रंगाचा आकडा २०० आणि मागच्या पानाचा २४० धरू. योग्य उत्तर १०० अधिक १२०, म्हणजे २२०. पूर्वगुणित फाइलमध्ये १०० हाच आकडा साठवलेला असतो. ती सुटी समजून उघडली, तर संगणक १०० चे पुन्हा निम्मे करतो आणि बेरीज १७० येते. हीच ती काळी रेघ. उलट, सुटी फाइल पूर्वगुणित समजली, तर २०० अधिक १२० म्हणजे ३२० होतात. २५५ ची मर्यादा ओलांडल्याने कड पांढरी फटफटीत दिसते. दोन्ही वेळा चित्रण निर्दोष असते, चुकलेले असते ते फाइलचे वाचन. म्हणून कड खरवडत बसण्यापूर्वी फाइलच्या गुणधर्मांत अल्फाचा प्रकार बदलून पाहावा. कडेवर हिरवी झाक असेल, तर मात्र तो पडद्यावरून परावर्तित झालेला प्रकाश असतो. त्याचा उपाय वेगळा.

रेंडर करताना तीन गोष्टी पाहाव्यात. रंगासोबत अल्फाही बाहेर काढण्याचा पर्याय निवडावा. अल्फा वाहून नेणारे स्वरूप घ्यावे : प्रोरेझ ४४४४ किंवा पीएनजी चित्रांची मालिका. नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये अल्फा टिकत नाही. माणसाच्या मागे सपाट काळा रंग येतो. तिसरी गोष्ट, अल्फा सुटा की पूर्वगुणित हे फाइलच्या नावातच लिहावे. पीएनजीत तो ठरल्याप्रमाणे सुटाच असतो. प्रोरेझबाबत मात्र पाठवणाऱ्याने सांगणेच बरे. पार्श्वभूमी कायम झाली, की प्रसारणाच्या प्रतीला अल्फाची गरज उरत नाही. मूळ अल्फासह प्रत मात्र जपून ठेवावी.

आपल्या लिपीसाठी हे अधिक महत्त्वाचे आहे. वेगळ्या थरात तयार केलेली देवनागरी शीर्षके याच गणिताने चित्रावर बसतात. लहान आकारात अनुस्वार आणि रफार हे जवळजवळ कडेच्या बिंदूंचेच बनलेले असतात. पांढऱ्या अक्षरांचा अल्फा चुकीचा वाचला गेला, की प्रथम तेच मळकट होतात आणि ‘अंग’ व ‘अग’ यांतला फरक पुसट होतो. विद्यार्थी ते अक्षर पडद्यावरूनच वाचणार असतो.