अकरा सुट्या भागांची जवारी

स्टीलच्या ताटात अकरा वस्तू मोजून ठेवायच्या. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि बटणासारखी फिरणारी दोन पोटेन्शिओमीटर. ताटच का, तर फरशीवर पडलेला रेझिस्टर तांदळातल्या खड्यापेक्षा अवघड सापडतो. लंडनच्या आर्बिटर कंपनीने 1966 साली काढलेल्या 'फझ फेस' या गिटार पेडलचं सगळं सर्किट एवढ्याच भागांत मावतं. जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली जी गोल डबी असायची, ती हीच. तिचा आकार माइकच्या स्टँडच्या बुडावरून सुचला, असं सांगतात. आज त्याच सर्किटचं किट पार्सलने मागवून पलूस तालुक्यातल्या कुंडलमध्ये, जेवणाच्या टेबलावर, एका रविवारात जोडता येतं. बिघडलं तर दोन रविवार.

पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ठेवायची डबी. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज तिच्यातून वळसा घेऊन जातो आणि जाताना बदलतो. कुणी आवाजाला घुमारा देतं, कुणी तो लांबवतं. फझ मात्र सरळ आवाज बिघडवतं. स्वच्छ वाजणारी तार फाटल्यासारखी, भुंग्यासारखी गुणगुणायला लागते. पैसे मोजून आवाज कशाला बिघडवायचा, हा प्रश्न कुंडलमधल्या कुठल्याही आजोबांना पडेल, आणि तो रास्तच आहे.

मुळात हा शोध बिघाडातूनच लागला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रणेतला एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिनचा बास गिटार भलताच घरघरीत उमटला. तो तुकडा तसाच ठेवला गेला आणि 1961 साली गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड हवा तेव्हा घडवून आणणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने ते 1962 मध्ये 'मायस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला काढलं. जाहिरातीत म्हटलं होतं की याने गिटार सॅक्सोफोनसारखी, ट्रम्पेटसारखी वाजेल. तशी ती वाजत नसे. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर माल पडूनच राहिला. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्‌सने हे पेडल वापरलं, तेव्हा दुकानांतले डबे संपले.

बिघडवून गोड करण्याची कला मात्र नॅशव्हिलपेक्षा फार जुनी आहे, आणि कुंडलकरांना ती पाहायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या किर्लोस्करवाडी स्टेशनवरून गाडीत बसलं की तासाभरात मिरज. तिथल्या सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत बसलेला दिसतो. घोडीचा माथा त्याला सपाटही नको असतो आणि टोकदारही. तार त्यावरून अगदी हलक्या उताराने निघाली पाहिजे, म्हणजे झंकारताना ती घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि केसभर पुढेमागे करत कान लावून ऐकायचं. एका जागी आवाज एकदम उमलतो. हीच जवारी. तिच्याशिवाय तंबोरा वाजतो, पण नुसता टणत्कार करतो. तारेला निर्वेध कंप पावू न देणं, तिच्या वाटेत मुद्दाम एक अडथळा ठेवणं, हेच जवारीचं गुपित. हे काम करणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात भोपळ्याकडे आणि तुणीच्या लाकडाकडे वळवले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

फझ पेडलमध्येही वाटेत अडथळाच असतो, फक्त तो विजेच्या वाटेत असतो. गिटारच्या चुंबकी पिकअपमधून निघणारा विजेचा हेलकावा इवलासा, साधारण व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पहिला ट्रान्झिस्टर त्याला फुगवतो, दुसरा आणखी फुगवतो. पण डबीत बॅटरी नऊ व्होल्टची. त्यापलीकडे वर जायला जागाच नाही. गळिताच्या हंगामात उसाची शिगोशीग भरलेली ट्रॉली उंची बांधून दिलेल्या लोखंडी कमानीखालून काढली तर जे होईल, तेच इथे होतं. कमानीच्या वरचा ऊस कापला जातो आणि ट्रॉली वरून सपाट होऊन बाहेर येते. लाटेचा गोल माथा असा सपाट झाला की त्या कापलेल्या कडांतून मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे वरचे स्वर जन्माला येतात. कानाला वाटतं, एका तारेत दहा तारा वाजताहेत.

इथे मिरजेशी एक नातं आणखी जुळतं. फझ लावून गिटारवर चार-पाच स्वरांचा पूर्ण कॉर्ड छेडला तर नुसता काला होतो, कारण सर्किटमध्ये प्रत्येक स्वर दुसऱ्याशी मिसळून तिसरेच, बेसूर स्वर तयार करतो. म्हणून रॉकचे वादक दोनच स्वर घेतात आणि त्याला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. ते दोन स्वर कोणते? षड्‌ज आणि पंचम. दोघांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. मिसळणीतून निघणारा फरकाचा स्वर बरोबर खालच्या सप्तकातला षड्‌ज ठरतो, म्हणजे न छेडलेला खर्ज आपोआप वाजू लागतो. तंबोरा प-सा-सा-सा असा लावणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. लंडनच्या पोरांना ते वाटलं.

आता ताटाकडे. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या वाचण्यासाठी आयटीआयच्या पोरांना 'बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' हा रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मंत्र पाठ असतो. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये तेहतीस हजार ओहमचा ओळखायला सर्वांत सोपा: नारिंगी, नारिंगी, नारिंगी. एक लाखाचा तपकिरी, काळा, पिवळा. तरी मल्टिमीटर लावून खात्री केलेली बरी, ट्यूबलाइटच्या उजेडात नारिंगी आणि लाल भाऊभाऊ दिसतात. आधी बुटके भाग, मग उंच, असा क्रम ठेवला की पालथी केलेली सर्किटची पट्टी डुगडुगत नाही. कपॅसिटरपैकी दोन जरा मोठे, त्यांना उलटसुलट कळतं. अंगावर उण्याची पट्टी असते तो पाय उण्याच्या भोकात.

सोल्डरिंग म्हणजे आपला जुना डाख. पातेल्याला डाख लावणारा जसा आधी भांडं तापवतो, तसंच इथेही. पंचवीस वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पाय आणि तांब्याची चकती या दोघांना एकदम टेकवायची, मनात दोन अंक मोजायचे आणि मग दुसऱ्या बाजूने सोल्डरची तार लावायची. इस्त्रीला नाही, तापलेल्या जागेला. राळेचा धूर निघतो, तार वितळून चकतीभर पळते आणि पायावर थोडी चढते. इस्त्री काढली की क्षणभर आरसा आणि मग चमकदार, मोदकाच्या उतारासारखा टेंगूळ. तो मातकट, गोळीसारखा वेगळा बसला तर ते 'ड्राय सोल्डर'. दिसायला जोडलेलं, आतून सुटं. धुरासाठी खिडकी उघडी ठेवावी, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत.

खरी परीक्षा पायाच्या बटणाची. निळ्या रंगाच्या या स्विचला नऊ पाय, तीन ओळींत तीन-तीन. एका दाबात गिटार थेट ॲम्प्लिफायरला, पुढच्या दाबात सर्किटमधून, आणि त्याच दाबात डबीवरचा दिवाही लागला पाहिजे. अकरा भाग बिनचूक लावणारे इथे हमखास चुकतात. पाय जास्त वेळ तापवला तर आतलं प्लॅस्टिक वितळून स्विच कायमचा मुका होतो, तेव्हा एक पाय झाला की थोडं थांबावं, मग दुसरा.

सगळं जोडून पहिल्यांदा प्लग लावला की बहुधा काहीच वाजत नाही. घाबरायचं कारण नाही. आत-बाहेरचे जॅक बदलले असतील, ट्रान्झिस्टर उलटा बसला असेल किंवा कुठेतरी ड्राय सोल्डर असेल. शोधण्याची युक्ती रेडिओ दुरुस्तीवाल्यांची आहे. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या वायरच्या टोकाला एक लहान कपॅसिटर लावून त्याने सर्किटवर एकेक ठिकाण टोचत जायचं. जिथपर्यंत गिटार ऐकू येते तिथपर्यंत काम बरोबर. जिथे गप्प झाली, दोष त्या दोन टोचण्यांच्या मध्ये.

कधी मात्र गिटारऐवजी बातम्या ऐकू येतात. यात भुताटकी नाही. उघडं सर्किट आणि लांब वायर म्हणजे अँटेनाच, आणि लाटेची एक बाजू कापणारा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींतून आवाज वेगळा काढतो, जुना रेडिओ काढायचा तसाच. सांगली आकाशवाणी 1251 किलोहर्ट्‌झवर लावायची ज्या घरांना सवय, त्यांना पेडलमधून तीच ऐकू आली तर गंमत वाटेल. सर्किट पत्र्याच्या डबीत बंद करून डबी ग्राउंडला जोडली आणि आत येणाऱ्या वाटेवर एक अगदी लहान कपॅसिटर दिला की कार्यक्रम संपतो.

हे सगळं विकत मिळतं तर घरी कशाला? मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखी छोटी कंपनी हाताने पेडल बनवते, आणि ती चांगली असतात. पण उघडून जोडण्याची हौस या गावाच्या शिवाराला नवी नाही. किर्लोस्करवाडीचं स्टेशन पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखलं जाई. औंधच्या पंतप्रतिनिधींनी निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि बेळगावात सायकलचं दुकान चालवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये तिथे कारखाना मांडला. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर, दोन्ही त्यांनी परदेशी नमुने पाहून इथल्या हाताला आणि मातीला जमतील असे घडवले. लोखंडाने जमीन नासते म्हणणारे शेतकरी सुरुवातीला नांगराकडे फिरकेनात. पेडलच्या किटला निदान तेवढा विरोध नाही.

शिवाय कुंडलमध्ये गिटार कमी आणि बँजो जास्त. वराती-मिरवणुकीतला हा बँजो म्हणजे 1912 मध्ये जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचा नातू: टाइपरायटरसारखी बटणं, पोलादी तारा, खाली चुंबकी पिकअप. सर्किटला समोर गिटार आहे की बँजो हे कळत नाही; चुंबकी पिकअपमधून आलेला हेलकावा तेवढा त्याला समजतो. दोन तारा षड्‌ज-पंचमात लावून मधून फझ घातलं तर चार पावलांवर सनईवाला चमकून बघेल एवढा भरदार आवाज निघतो.

साध्या किटमध्ये सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर येतात, किंवा दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात दोन-पाच रुपयांत मिळणारा बीसी 547 चालतो. जुना, मऊ आवाज हवा तर जर्मेनियमचे लागतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1962 पासून ते बनवले आणि त्यांचा एसी 128 एकेकाळच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत सर्रास असे. माळ्यावर धूळ खात पडलेल्या रेडिओत तो मिळूही शकतो. पायाला पक्कड धरून, उष्णता पक्कडीत उतरवत, तो हळूच सोडवायचा. सगळेच चालत नाहीत: पहिल्या जागी सत्तर-ऐंशी पट वाढ देणारा, दुसऱ्या जागी शंभर-सव्वाशे पट, आणि दोघांचीही विजेची गळती कमी. वीस तपासावेत तेव्हा जोडी जुळते. आणखी एक: एसी 128 वापरला तर बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जातं, म्हणून ही डबी बाकीच्या पेडलांच्या सामाईक अडॅप्टरला जोडायची नाही. तिला तिची स्वतःची बॅटरी.

जर्मेनियमची गळती उष्णतेबरोबर वाढते. डिसेंबरच्या रात्री कुंडलमध्ये भरदार वाजलेली डबी मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या मांडवात घसा बसल्यासारखी फरफरते, स्वर मध्येच तुटतात. परदेशातले वादक ती फ्रीजमध्ये ठेवल्याचे किस्से सांगतात. इथे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीला ठेवली तरी भागतं, मात्र आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. ऊन कललं, वारा सुटला की तिचा आवाज पुन्हा जागेवर येतो आणि वरात निघायची वेळही साधारण तीच असते.