शिध्यातलं पाणी

अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत, ‘बाउंडरी वॉटर्स’ हा हजारांवर तळ्यांचा रानप्रदेश आहे. तिथे वल्हवत भटकायचं तर लोक आधी हलका स्टोव्ह शोधतात. माझ्या मते आधी शिध्यातलं पाणी काढावं. शिजलेल्या भातात जवळपास दोन तृतीयांश पाणीच असतं, आणि पाणी तर होडीखाली पसरलेलंच आहे. ते उकळून घेतलं की पोहे, पिठं, सुकवलेल्या भाज्या पुरतात. (टिनचे डबे नि काचेच्या बाटल्या तिथे न्यायला बंदीच आहे.) वजन होडी वाहते, मग काटकसर कशाला, असं कुणी विचारेल. पण दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर होडीसकट सगळं खांद्यावर येतं.

स्टोव्हचा हिशेबही उकळत्या पाण्यानेच करावा. लिटरभर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाया गेली, तर ब्युटेन साधारण १५ ग्रॅम जळतो, स्पिरिट मात्र २५. चिमुकल्या स्पिरिट-स्टोव्हचा हलकेपणा लांबच्या सफरीत असा इंधनातच जिरतो. थंडीत गॅस रुसतो, हा आक्षेप खरा आहे: शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफच होईनाशी होते. त्यासाठी प्रोपेन मिसळलेली टाकी घ्यावी.