आकडा दिसतो, किती ते उमगत नाही

जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती कार्षापण वाटले, याचा हिशेबच तो. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथे कोरलेली आहेत. त्यांत शून्य नाही, स्थानिक किंमतही नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं. म्हणजे आज दुसरीतल्या पोराकडून आपण जे सहज मागतो, ते माणसाला सुचायलाही शतकं लागली.

आकडे असे उशिरा सुचले, पण वस्तू थोड्या असतील तर 'किती' हे तान्ह्या बाळालाही जाणवतं. ती जाण अंकचिन्हाशी जोडावी लागते, आणि या कामात मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या एका खाचेचा मोठा वाटा असतो. डिस्कॅल्क्युलियात, म्हणजे आकडे आणि हिशेब शिकण्यातल्या अडचणीत, हा सांधाच कच्चा राहतो, असं मानतात. लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ साली या अडचणीची व्याख्या मांडली. आज साधारण ३ ते ७ टक्के मुलांना ती असते, असं मानतात. बुद्धीशी तिचा संबंध नाही.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात बापाबरोबर आलेला सातवीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. माल कुठला चांगला, हे तो हात लावून सांगेल. पण आडत्याची हिशेबपट्टी हातात आली, की अडला. सात क्रेटमधले तीन विकले तर उरले किती, याला बोटं लागतात. ७४ ऐकून ४७ लिहितो. पाठ केलेला पाढा दुसऱ्या दिवशी पुसलेला. बाप म्हणतो, "लक्षच नाही याचं." लक्ष असतं हो, पुढे भीतीही बसते, आणि मग तेही उडतं.

मराठीत चौऱ्याहत्तर म्हणताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. यानं डिस्कॅल्क्युलिया होत नाही, पण ओझं वाढतं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' असंही वाचन दिलं, तेव्हा विधिमंडळापर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची अडचण सांगत राहिल्या. थट्टा करणाऱ्यांना संख्या सहज येत होत्या, एवढंच.

मात्र गणितात मागे पडलेलं प्रत्येक मूल डिस्कॅल्क्युलियाचं नव्हे. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात घरची बोली वेगळी असते, हिरड्याच्या हंगामात शाळा बुडते. तिथे आधी शिकवणं तपासावं. नीट शिकवूनही वर्षानुवर्षं अडतंय, तर तपासणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण गणली आहे. परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र सरकारनं नेमलेल्या रुग्णालयाचं लागतं, आणि भीमाशंकरच्या बाजूच्या पालकांना त्यासाठी शंभर किलोमीटर दूरचं पुणं गाठावं लागतं.

वर्गातला उपाय स्वस्त आहे. दहा-दहा काड्यांचे जुडगे, मण्यांची माळ, खऱ्या नोटा. आधी वस्तू हातात, मग चित्र, अंक शेवटी. घड्याळ लावून तोंडी हिशेब विचारणं तेवढं बंद करावं.