अर्दियातला सामना आणि मुबारकियातली रात्र



अर्दिया म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना गाडी दुरुस्तीची आठवण होते. पण पाचव्या आणि सहाव्या रिंग रोडच्या मधल्या याच भागात जाबेर अल-अहमद आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे, सुमारे साठ हजार प्रेक्षक मावतील एवढे! आमच्या घरी कित्येक वर्षे ते फक्त गाडीच्या काचेतून बघायची वस्तू होती. मॅचला सहकुटुंब जाता येते का, आणि नंतर मुलांना घेऊन कुठे जायचे, असे बरेच जण विचारतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस होता गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३. भारत विरुद्ध कुवेत, विश्वचषक पात्रता फेरी. गुरुवार रात्र म्हणजे इथली शनिवार रात्रच. (जुन्या मंडळींना आठवत असेल, २००७ पर्यंत सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची.) नोव्हेंबरातली हवा, दुसऱ्या दिवशी शाळा नाही, ऑफिस नाही. यापेक्षा चांगला योग कुठला?

आपण क्रिकेटवाले, म्हणून आधी थोडे समजावून सांगतो. या फेरीत चार-चार संघांचे गट होते. आपल्या गटात कतार, कुवेत, भारत आणि अफगाणिस्तान. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या घरी, आणि पहिले दोन संघ पुढे. कतार सर्वांत बळकट, त्यामुळे खरी चुरस दुसऱ्या जागेसाठी, म्हणजेच भारत आणि कुवेत यांच्यात.

कुवेतला कमी लेखू नका हं! १९८० चा आशिया चषक यांनी जिंकला आणि १९८२ ला स्पेनच्या विश्वचषकातही हे खेळले. तिथे फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून शिट्टी वाजली, कुवेतचे खेळाडू थांबले आणि फ्रान्सने गोल केला. तेव्हा शेख फहद स्वतः मैदानात उतरले आणि रेफ्रीने तो गोल चक्क रद्द केला! सामना फ्रान्सनेच ४-१ असा जिंकला, पण वयस्क कुवेती माणसाशी फुटबॉलचा विषय काढून बघा, हा किस्सा हमखास निघतो.

दोन्ही संघांचा रंग निळाच. कुवेतला तर 'अल-अझरक' म्हणजे निळेच म्हणतात. त्यामुळे आमच्या आसपास कोण कुणाचा हे कपड्यांवरून कळेना, तोंड उघडले की कळे. इथे भारतीय सुमारे दहा लाख, परदेशी लोकांत सर्वांत जास्त. त्यामुळे पाहुणा संघ असूनही आवाज आपलाच मोठा होता. मागच्या रांगेतून अस्सल मराठीत "अरे मार की रे!" ऐकू आले तेव्हा सौ. ने वळून हात केला. मुंबईचा राहुल भेके आपल्या संघात होता, हे आमच्या चिरंजीवांना मात्र मीच सांगितले.

पूर्वार्ध कोरा गेला. ७५ व्या मिनिटाला छांगतेने चेंडू आत दिला आणि मनवीर सिंगने गोल केला! शेवटी कुवेतचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि भारत १-० ने जिंकला. माझा घसा दोन दिवस बसला होता.

आता कामाचे. तिकीट ऑनलाइन आधीच काढावे. सिव्हिल आयडी सगळ्यांचे बरोबर ठेवा. दीड-दोन तास आधी पोहोचा, कारण सामना असला की रिंग रोडवर गाड्या हलत नाहीत. आम्ही उशिरा निघालो आणि राष्ट्रगीत पार्किंगमधूनच ऐकले! लहान मुलांना स्वेटर घ्या, वरच्या रांगांत वारा लागतो.

आणि एक महत्त्वाचे. जिंकल्यावर मुंबई-पुण्यात आपण रस्त्यावर उतरतो, गुलाल उधळतो. इथे ते नाही. परदेशी नागरिकांना इथे मोर्चा, निदर्शने यांची मुभा नाही. मिरवणूक आनंदाची असली तरी नसती आफत ओढवून घेऊ नये, अंगावर इकामा आहे. स्टेडियममध्ये मनसोक्त ओरडा, बाहेर पडलात की झेंडा घडी घालून पिशवीत ठेवा. माझ्या मुलाला हे फार लागले. "आपण जिंकलो ना, मग?" याचे सोपे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी गाडी मुबारकियाकडे वळवली.

सूक मुबारकिया म्हणजे जुने कुवेत. मार्च २०२२ च्या आगीत एक भाग जळाला, तरी बाजाराची रया गेलेली नाही. उघड्यावर मांडलेली टेबले, कबाब, भाजलेली मासळी, गरम खुबूस आणि शेवटी छोट्या काचेच्या पेल्यातला चहा. लोणच्याला इथेही अचारच म्हणतात. शेजारच्या टेबलावर एक वयस्क कुवेती गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते, नातू निळ्या जर्सीत, रडवेला. आमच्याकडे बघून आजोबा म्हणाले, "मबरूक, हिंदी!" मग कळले की त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी जहाजाने मुंबईला जात. तेल निघण्याआधी इथल्या व्यापाऱ्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती, आणि १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत इथे चलनही रुपयाचेच होते. दोन्ही मुलांनी एकच कुनाफा वाटून खाल्ला.

तिथून गल्फ रोडने कुवेत टॉवर्सपर्यंत एक चक्कर मारली. १९७९ पासून उभे असलेले हे मनोरे, सर्वांत उंच १८७ मीटर. त्यातल्या दोघांत पाणी साठवतात, हे मुलांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. बाराला घरी.

पुढे काय झाले? ६ जून २०२४ ला कोलकात्यात परतीचा सामना ०-० सुटला. सुनील छेत्रीचा तो निरोपाचा सामना (मार्च २०२५ मध्ये स्वारी परत आली, ती गोष्ट वेगळी). गटात कुवेतचे ७ गुण झाले, आपले ५. अर्दियात हरलेले पुढे गेले आणि जिंकलेले घरी बसले! त्या वर्षी डिसेंबरात गल्फ कप याच स्टेडियमवर सुरू झाला तेव्हा आम्ही कुवेतसाठी टाळ्या वाजवल्या, चिरंजीव सर्वांत जोरात.

जाता जाता एक विनंती. आपल्या इमारतींत बॅचलर राहणारी बरीच मुले आहेत. त्यांना लायसन्स सहजासहजी मिळत नाही, आणि सामन्याच्या रात्री टॅक्सी मिळणे कठीण. पुढच्या सामन्याला निघताना गाडीत जागा असेल तर आदल्या दिवशीच त्यांना विचारा. येताना मुबारकियालाही न्या, तिथले टेबल सहाजणांचे असते.